घरातला कुत्रा संकट ओळखून मालकाला खरंच वाचवतो का? खंड्या, झंजीर आणि विज्ञान काय सांगतं

पावसाळा सुरू झाला की खारघरमधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे पांडवकडा धबधब्याचे फोटो आणि दुसरी म्हणजे पार्किंगमध्ये किंवा तळमजल्यावरच्या घरात निघालेल्या सापाचा व्हिडिओ.

त्यात नवल काही नाही. एका बाजूला खारघरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि तिवरांचं जंगल आणि मधल्या जमिनीवर सिडकोने वसवलेलं शहर अशी खारघरची रचना आहे. बिळात पाणी शिरलं की साप कोरडी जागा शोधत बाहेर पडतात. ती कोरडी जागा कधी जिन्याखाली सापडते, कधी कुंड्यांच्या मागे, तर कधी थेट चपलांच्या स्टँडमध्ये.

अशा व्हिडिओंमधला सगळ्यात जास्त शेअर होणारा प्रकार म्हणजे, घरातला कुत्रा साप आणि माणसं यांच्या मध्ये उभा राहून भुंकतोय. खाली कॅप्शन ठरलेलं असतं, 'मुक्या जनावराने कुटुंबाचा जीव वाचवला'.

पण कुत्र्याला तेव्हा नेमकं काय कळलेलं असतं? त्याला मालकाला वाचवायचं असतं, की तो स्वतःच घाबरलेला असतो? मांजर असं काही करते का? आणि असा प्रसंग आपल्या घरात आला तर आपण काय करायचं?

आधी थोडक्यात उत्तर

कुत्र्याला धोक्याची चाहूल माणसाच्या आधी लागू शकते, यात शंका नाही. आपल्या माणसाची भीती त्याला जाणवते, हेही प्रयोगांत दिसलं आहे. पण 'हे संकट आहे, आता मी मदत आणायला हवी' असा विचार तो करतो का, यावर संशोधकांचं उत्तर बरंच सावध आहे. प्रशिक्षण मिळालेला कुत्रा आणि घरातला लाडका कुत्रा यांच्यात मोठा फरक असतो आणि तो फरक माहीत नसला की गडबड होते.

साताऱ्याचा खंड्या

महाराष्ट्राला अशा गोष्टी नवीन नाहीत. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा नद्यांचा संगम आहे, ते गाव म्हणजे संगम माहुली. तिथे छत्रपती घराण्यातल्या व्यक्तींच्या समाध्या आहेत आणि त्यांच्यातच एका कुत्र्याचीही समाधी आहे. हा कुत्रा म्हणजे खंड्या.

खंड्या हा छत्रपती शाहू महाराजांचा लाडका कुत्रा होता. हे शाहू महाराज म्हणजे संभाजी महाराजांचे पुत्र, १७०७ ते १७४९ या काळात साताऱ्याच्या गादीवर असलेले थोरले शाहू. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज वेगळे. शिकारीच्या वेळी वाघापासून खंड्याने महाराजांचा जीव वाचवला आणि म्हणून महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं सांगितलं जातं. माहुलीला गेलेल्या लोकांना आजही त्याचं दगडी शिल्प दाखवलं जातं.

रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याची गोष्ट यापेक्षा जास्त प्रसिद्ध आहे. पण शिवाजी महाराजांच्या चितेत वाघ्याने उडी घेतली, या कथेला समकालीन कागदपत्रांचा आधार नसल्याचं अनेक इतिहास अभ्यासक सांगतात. रायगडावरच्या त्याच्या स्मारकावरून वेळोवेळी वादही झाले आहेत. त्यामुळे लोककथा आणि नोंदवलेला इतिहास यांची गल्लत न केलेली बरी.

या सगळ्याच्या कितीतरी आधीची एक गोष्ट 'पंचतंत्रा'त आहे. पाळलेलं मुंगूस पाळण्यातल्या बाळाला सापापासून वाचवतं. घरी आलेल्या आईला त्याच्या तोंडाला लागलेलं रक्त दिसतं. मुंगसाने बाळालाच मारलं, असं समजून ती त्याचा जीव घेते आणि आत गेल्यावर तिला मेलेला साप आणि सुखरूप बाळ दिसतं.

घाई करू नये, असा या गोष्टीचा अर्थ आपण लहानपणी ऐकतो. पण त्यात अजून एक मुद्दा आहे. प्राण्याने काय केलं हे समजून घेण्यात माणूस चुकू शकतो. कधी तो प्राण्यावर उगाच संशय घेतो, तर कधी त्याच्या वागण्याला नसलेला अर्थ चिकटवतो. व्हायरल व्हिडिओंच्या बाबतीत बहुतेक वेळा दुसरी चूक होते.

मुंबईला वाचवणारा झंजीर

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्यात २५७ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या दिवसांत शहरात आणि आसपास लपवलेली स्फोटकं शोधण्याचं काम सुरू झालं. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला एक लॅब्राडोर कुत्रा त्या काळात घराघरात पोहोचला. त्याचं नाव झंजीर.

१९९२ च्या जानेवारीत जन्मलेल्या झंजीरचं प्रशिक्षण पुण्यातल्या पोलिसांच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात झालं होतं आणि त्याच वर्षाच्या शेवटी तो पथकात दाखल झाला होता. म्हणजे स्फोट झाले तेव्हा तो जेमतेम सव्वा वर्षाचा होता.

त्याच्या नावावर असलेली कामगिरी थक्क करणारी आहे. ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं शोधण्यात त्याने मदत केली. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कॅन्सरने त्याचा मृत्यू झाला. पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन निरोप दिला. त्याच्या पार्थिवाला पोलीस अधिकारी फुलं वाहतायत, तो फोटो आजही सोशल मीडियावर फिरत असतो.

झंजीरने किती लोकांचे जीव वाचवले, याची मोजदाद करता येणार नाही. पण हे बॉम्ब माणसं मारतात, हे झंजीरला माहीत होतं का? नव्हतं. त्याला एवढंच शिकवलेलं होतं की, हा विशिष्ट वास सापडला की शांत बसून इशारा करायचा. मग बक्षीस मिळतं. शोधक कुत्र्यांच्या प्रशिक्षणात हे बक्षीस बहुतेक वेळा आवडतं खेळणं किंवा खाऊ असतो. कुत्र्यासाठी तो खेळ असतो आणि माणसासाठी जीवन-मरणाचा प्रश्न.

यामुळे झंजीरचं मोल कमी होत नाही. उलट कुत्र्याची खरी ताकद कशात आहे, ते यातून कळतं. ती ताकद नाक, शिकण्याची क्षमता आणि माणसासोबत काम करण्याची हौस या तीन गोष्टींत आहे.

कुत्र्याला आधी कसं कळतं?

माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात जातीनुसार त्या २० ते ३० कोटींपर्यंत असू शकतात. मेंदूचा वास हाताळणारा भागही शरीराच्या मानाने कुत्र्यात बराच मोठा असतो.

कानांचंही तसंच आहे. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला ४० हजारांच्या पुढचाही ऐकू येतो आणि मांजराला त्याहून जास्त. त्यामुळे सोफ्याखालची सळसळ, गॅसचा वास किंवा जिन्यावरची अनोळखी पावलं कुत्र्याला आधी कळतात, यात चमत्कार काही नाही.

पण यापुढची गोष्ट जास्त मजेशीर आहे. कुत्र्याला आपला ताणही वासावरून कळतो. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये हे तपासलं. त्यांनी लोकांना अवघड गणितं घातली आणि गणितं सोडवण्याआधीचे आणि नंतरचे घाम आणि श्वासाचे नमुने घेतले. प्रशिक्षण दिलेल्या ४ कुत्र्यांनी ताणाचा नमुना जवळपास ९४ टक्के वेळा बरोबर ओळखला.

म्हणजे साप बघून तुम्ही घाबरलात, तर तुमची भीती कुत्र्यापर्यंत तुमच्या ओरडण्याच्या आधीही पोहोचू शकते.

कुत्रा नेमका किती हुशार असतो?

'आमचा कुत्रा सगळं समजतो' असं प्रत्येक घरात म्हटलं जातं. त्यात किती तथ्य आहे?

अमेरिकेत चेसर नावाची बॉर्डर कोली जातीची कुत्री होती. मानसशास्त्राचे प्राध्यापक जॉन पिली यांनी तिला ३ वर्षांत १,०२२ खेळण्यांची नावं शिकवली. नाव घेतलं की ढिगातून तेच खेळणं ती उचलून आणायची. हे संशोधन २०११ च्या सुमारास प्रसिद्ध झालं. अर्थात चेसर हे अपवादात्मक उदाहरण आहे आणि तिच्यावर रोज तासन् तास मेहनत घेतलेली होती. पण कुत्र्याच्या मेंदूत किती जागा आहे, हे त्यातून दिसलं.

आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचं काय? कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या भटक्या कुत्र्यांवर प्रयोग केला. कधीच प्रशिक्षण न मिळालेल्या या कुत्र्यांसमोर २ झाकलेली भांडी ठेवली आणि संशोधकाने एकाकडे बोट दाखवलं. बरेच कुत्रे बिचकून जवळच आले नाहीत. पण जे आले, त्यांच्यापैकी साधारण ८० टक्के कुत्र्यांनी बोट दाखवलेलंच भांडं निवडलं.

माणसाच्या इशाऱ्याचा अर्थ लावणं ही कुत्र्याची खास गंमत आहे. हजारो वर्षं माणसासोबत राहून त्याने ही कला मिळवली आहे.

पण इथेच एक खड्डाही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत हान्स नावाचा घोडा गाजत होता. गणित घातलं की तो खूर आपटून उत्तर द्यायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने त्याचं गुपित शोधून काढलं. हान्सला गणित येतच नव्हतं. योग्य आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आणि मानेत नकळत बारीक बदल व्हायचा आणि तो बघून घोडा थांबायचा.

आपण जिला प्राण्याची 'समज' म्हणतो, ती अनेकदा माणसाला वाचण्याची कला असते. तीही हुशारीच आहे, फक्त आपण समजतो त्या प्रकारची नाही.

मग संकटात कुत्रा वाचवतो का?

या प्रश्नावरचे दोन प्रयोग मुद्दाम शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

पहिला प्रयोग २००६ मधला, कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारियो विद्यापीठाचा. त्यात मालकांनी मोकळ्या मैदानात हृदयविकाराचा झटका आल्याचं नाटक केलं. जवळच दुसरी माणसं होती. कुत्र्याने त्यांच्याकडे जाऊन मदत मागावी, अशी अपेक्षा होती. पण एकाही कुत्र्याने तसं केलं नाही. दुसऱ्या वेळी मालकावर पुस्तकांचं कपाट पडल्याचा देखावा केला. तेव्हाही कुत्रे मदत मागायला गेले नाहीत. बरेच जण मालकाजवळ घुटमळले किंवा इकडेतिकडे फिरत राहिले.

दुसरा प्रयोग २०२० मधला, ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचा. त्यात ६० पाळीव कुत्रे होते आणि त्यांना कसलंही प्रशिक्षण नव्हतं. मालक एका मोठ्या खोक्यात बसून मदतीसाठी हाका मारत होते. खोक्याला हलकं दार होतं. ६० पैकी २० कुत्र्यांनी ते उघडून मालकाला 'सोडवलं'.

एक तृतीयांश म्हणजे कमीच की, असं वाटेल. पण संशोधकांनी अजून एक चाचणी घेतली होती. त्याच खोक्यात खाऊ टाकला, तेव्हा तो मिळवण्यासाठी दार उघडणारे कुत्रे फक्त १९ होते. म्हणजे अनेक कुत्र्यांना दार कसं उघडायचं हेच कळत नव्हतं. खाऊसाठी दार उघडता आलेल्या त्या १९ पैकी १६ जणांनी मालकालाही बाहेर काढलं.

शिवाय मालक हाका मारत असताना कुत्रे जास्त अस्वस्थ होते, जास्त कण्हत होते. मालक आत शांतपणे वाचत बसलेला असताना तसं होत नव्हतं.

दोन्ही प्रयोग एकत्र वाचले तर चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं. आपलं माणूस त्रासात असेल तर कुत्र्यालाही त्रास होतो. त्याला त्या माणसाजवळ जायचं असतं. जवळ जाण्याच्या त्याच्या धडपडीतूनच माणूस सुटणार असेल, तर तो सुटतो. पण तिसऱ्या माणसाला जाऊन सांगणं, मदत बोलावणं या गोष्टी बहुतेक कुत्र्यांना शिकवाव्या लागतात.

या नात्याला शरीराचाही आधार आहे. जपानमधल्या अझाबू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की, कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढतं. आई आणि बाळाच्या नात्यात जे काम करतं, तेच हे संप्रेरक. त्यामुळे 'पोटच्या पोरासारखा जीव लावलाय' हे वाक्य अगदीच अतिशयोक्ती नाही.

आणि मांजर?

मांजर स्वार्थी असते, अशी तिची बदनामी फार जुनी आहे. पण जपानमधल्या संशोधनात दिसलं की, मांजर मालकाचा आवाज अनोळखी आवाजांतून वेगळा ओळखते आणि स्वतःचं नावही ओळखते. प्रतिसाद द्यायचा की नाही, ते मात्र ती ठरवते. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठाने २०१९ मध्ये केलेल्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश मांजरांचं मालकाशी घट्ट आणि सुरक्षित नातं असल्याचं आढळलं. माणसाच्या बाळांमध्येही हे प्रमाण जवळपास तेवढंच असतं.

मांजराने माणसाला वाचवल्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१४ मधलं आहे. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमध्ये घराबाहेर सायकलवर खेळणाऱ्या ४ वर्षांच्या मुलावर शेजारच्या कुत्र्याने हल्ला केला. तेव्हा घरातल्या तारा नावाच्या मांजरीने त्या कुत्र्यावर झेप घेऊन त्याला पळवून लावलं. सीसीटीव्हीत कैद झालेला हा प्रसंग जगभर बघितला गेला. पण असं उदाहरण गाजतं, कारण ते दुर्मिळ असतं.

सापाच्या बाबतीत मांजराचं वागणं वेगळं असतं. तिच्यासाठी हलणारा साप म्हणजे बऱ्याचदा शिकार असते. ती पंजे मारून त्याला खेळवते. कधी अर्धमेला साप घरातही घेऊन येते. याला राखण म्हणता येणार नाही आणि यात घरच्यांचा धोका वाढतो.

भुंकणं म्हणजे राखणच असते का?

खारघरसारख्या ठिकाणी हा प्रश्न सापापेक्षाही रोजचा आहे. फ्लॅटमधला कुत्रा डिलिव्हरी बॉयवर भुंकतो, लिफ्टमध्ये शिरणाऱ्या शेजाऱ्यावर गुरगुरतो. 'तो आमची राखण करतो' असं मालक कौतुकाने सांगतात. शेजाऱ्यांना मात्र जिन्यातून जाण्याची धास्ती वाटते.

भुंकण्यामागे साधारण ४ कारणं असू शकतात.

पहिलं कारण म्हणजे सूचना. कुत्रा २-३ वेळा भुंकतो, मालकाकडे बघतो आणि मालकाने दखल घेतली की शांत होतो.

दुसरं कारण हद्द. दार, बाल्कनी, गाडी ही आपली जागा आहे, असं तो सांगत असतो. भुंकल्यावर डिलिव्हरी बॉय निघून जातो, म्हणजे भुंकण्याचा उपयोग झाला, असं कुत्र्याला वाटतं. डिलिव्हरी बॉय तसाही जाणारच होता, हे त्याला कोण सांगणार? त्यामुळे ही सवय दिवसेंदिवस पक्की होते.

तिसरं कारण भीती. शेपूट पायात, कान मागे, अंग मागच्या पायांवर झुकलेलं आणि तोंडाने जोरात भुंकणं. असा कुत्रा कोणाचंही रक्षण करत नसतो. तो स्वतःला वाचवत असतो आणि कोंडीत सापडला तर चावू शकतो. लिफ्ट ही अशी कोंडी होण्याची हमखास जागा आहे.

चौथं कारण मालकी. खाण्याचं भांडं, सोफा किंवा मालकाची मांडी सोडायची नाही, म्हणून गुरगुरणं. घरातल्याच लहान मुलावर कुत्रा गुरगुरत असेल तर ते 'प्रेम' समजून हसण्यावारी नेऊ नये. वेळीच पशुवैद्यक किंवा प्रशिक्षकाचा सल्ला घ्यावा.

राखणीसाठी अमुक जातीचाच कुत्रा घ्यावा, या समजालाही फारसा आधार नाही. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात १८ हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एखादा कुत्रा कसा वागेल, यातल्या फरकांपैकी फक्त ९ टक्के फरक जातीमुळे असल्याचं त्यात दिसलं. बाकीचा भाग वाढवण्याची पद्धत, वय, अनुभव आणि त्या कुत्र्याचा स्वभाव यांचा होता. त्यामुळे महागडा परदेशी कुत्रा घेतला म्हणजे राखण झाली, असं होत नाही.

रक्षकालाही किंमत मोजावी लागते

कुत्रा राखण करतो हे खरं, पण जिथे खरा शिकारी समोर असतो तिथे चित्र उलटं होतं. अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशोबाने सर्वात मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा होता. तो होता ३९ टक्के.

राखणीसाठी अंगणात बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. बिबट्याचा वावर असलेल्या भागात रात्री कुत्र्याला बंदिस्त जागेत ठेवावं, असा सल्ला म्हणूनच दिला जातो. सापाच्या बाबतीतही हेच आहे. सापासमोर भुंकणाऱ्या कुत्र्याचा दंश टाळणं ही मालकाची जबाबदारी आहे.

भूकंप आधीच कळतो का?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. अशा मोठ्या आपत्तीनंतर 'आदल्या रात्री कुत्रे रडत होते' अशा आठवणी हमखास सांगितल्या जातात. भूकंपात आधी सौम्य आणि वेगवान लहरी येतात आणि काही सेकंदांनी जोरदार धक्का बसतो. त्या सौम्य लहरी प्राण्यांना जाणवू शकतात. पण काही तास किंवा दिवस आधी प्राणी खात्रीने इशारा देतात, हे अजून सिद्ध झालेलं नाही. कुत्रे इतर रात्रीही रडतात. फक्त दुसऱ्या दिवशी काही घडलं नाही, तर ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

कुत्रा सापावर भुंकतोय, मग काय करायचं?

इथे कुत्र्याची हुशारी संपते आणि माणसाची सुरू होते. महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे ४ विषारी साप माणसांच्या मृत्यूंना प्रामुख्याने जबाबदार असतात. धामण, दिवड, कवड्या हे बिनविषारी आहेत. पण मण्यार आणि कवड्या यांच्यात भलेभले फसतात. त्यामुळे ओळख पटवण्याच्या भानगडीत पडू नका.

१. कुत्रा एकाच कोपऱ्याकडे बघत, अंगावरचे केस उभे करून, पुढे-मागे होत भुंकत असेल तर त्याला गप्प करण्याआधी लांबूनच तिकडे बघा. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार आला तर तिथे घोणस असू शकते.

२. सगळ्यात आधी कुत्र्याला मागे घ्या. पट्टा किंवा गळपट्टी धरून त्याला दुसऱ्या खोलीत बंद करा. हात सापाच्या दिशेने नेऊ नका. व्हिडिओ काढत बसू नका, कारण याच मिनिटांत कुत्र्याला दंश होऊ शकतो.

३. मुलांना आणि मांजराला दूर करा. एकाने सुरक्षित अंतरावरून सापावर नजर ठेवा, म्हणजे तो कुठे गेला ते कळेल.

४. सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. साप मारणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. मारायला जाताना दंश होण्याचा धोकाही मोठा असतो.

५. कुत्र्याला किंवा मांजराला दंश झाल्याची शंका आली तर वाट बघू नका. तोंड किंवा पाय सुजणं, लाळ गळणं, झोकांड्या जाणं, पापण्या मिटणं ही लक्षणं असतात. त्याला चालवू नका, उचलून थेट पशुवैद्यकाकडे न्या. निघण्याआधी फोन करून प्रतिविष उपलब्ध आहे का, ते विचारा. प्रत्येक दवाखान्यात ते नसतं.

६. जखमेवर चीर देणं, विष चोखणं, घट्ट दोरी बांधणं, बर्फ लावणं यातलं काहीही करू नका. हा नियम प्राण्यांना आणि माणसांना सारखाच लागू आहे. माणसाला दंश झाला तर थेट रुग्णालय गाठा.

पावसाळ्याच्या आधीच जवळच्या २४ तास चालणाऱ्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा आणि सर्पमित्राचा नंबर फ्रिजवर लावून ठेवला, तर ऐनवेळी धावपळ होत नाही.

सोसायटी आणि कायदा

'आमचा कुत्रा राखण करतो' आणि 'तुमच्या कुत्र्याची भीती वाटते' या दोन वाक्यांवरून सोसायट्यांत कायम भांडणं होतात. कायदा दोन्ही बाजूंना काही सांगतो.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, सोसायटीला ठराव करून पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. प्राण्याला विष घालणं, मारणं किंवा अपंग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार गुन्हा आहे आणि त्यासाठी ५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

दुसरीकडे, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून इतरांना धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हाही गुन्हा आहे. कलम २९१ नुसार त्यासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'तो आमचं रक्षण करत होता' हे सांगून ही जबाबदारी टळत नाही. म्हणून महापालिकेकडे नोंदणी, रेबीजची लस आणि बाहेर नेताना पट्टा या तीन गोष्टी टाळू नयेत. खारघर पनवेल महापालिकेच्या हद्दीत येतं.

कुत्रा किंवा मांजर चावलं, अगदी घरातलं आणि लस दिलेलं असलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की हा आजार जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो. वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो.

मग 'जीव वाचवला' म्हणायचं की नाही?

म्हणायला हरकत नाही. सापाची चाहूल कुत्र्याला आधी लागली, तो भुंकला आणि घरचे सावध झाले, तर जीव वाचलाच. त्यासाठी त्याला 'वाचवणं' या शब्दाचा अर्थ कळायची गरज नाही.

पण इशारा देण्यापर्यंतचं काम त्याचं आहे, पुढचं काम आपलं आहे. पावसाळ्यात रात्री-अपरात्री तो एकाच कोपऱ्याकडे बघून भुंकायला लागला, तर त्याला ओरडण्याआधी उठून लाईट लावा, त्याला मागे घ्या आणि मग लांबूनच त्या कोपऱ्यात बघा.